रिकाम्या डब्याचा फोटो

मंगळवारी दुपारी भिकाअण्णांचा फोन आला, तेव्हाच झुंबरला कळलं की जेवणाचे डबे बदलले.

"मला काय बाळंतीण समजली का गं तू?" अण्णा फोनवर ओरडले. "गुरगुट्या भात, पातळ वरण, भोपळा! माझ्या शेवग्याच्या शेंगा कोणाच्या घशात घातल्या?"

अण्णांच्या शेंगा गेल्या होत्या इंदिरानगरला, बायडाकाकूंकडे. झुंबरच्या सुनेनं, वेदिकानं, घाईत पिशव्यांची अदलाबदल केली होती. झुंबर सुनेवर करवादली आणि काकूंच्या घरी फोन लावला. नुसता वाजत राहिला. बायडाकाकूंच्या तोंडात एक दात शिल्लक नव्हता. कवळी टोचते म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली होती. त्यांचं सगळं जेवण झुंबर मऊ शिजवून, घोटून पाठवायची. आज म्हातारी उपाशी राहणार, डबा भरलेलाच परत येणार, असं म्हणत ती हळहळत राहिली.

संध्याकाळी नेहमीसारखी पिशवी काकूंच्या दाराच्या कडीला अडकवलेली होती. हाताला हलकी लागली. सिडकोत घरी येऊन झुंबरनं डबा उघडला. पोळ्या नाहीत, भात नाही, आमटीचा थेंब नाही. वरच्या कप्प्यात तेवढा शेंगांचा चोथा होता, चावून चावून पांढराफटक पडलेला. सवयीनं तिनं मोबाईल काढला, फोटो घेतला, जर्मनीला सोमनाथला पाठवला. सोमनाथ म्हणजे काकूंचा एकुलता एक मुलगा. त्याचा अंगठा लगेच आला.

मग डबा घासायला घेतला आणि नळ सोडल्यावर तिचा हात थांबला. शेंग चावायला दात लागतात. तिनं नळ बंद केला आणि तो चोथा नीट पाहिला.

तुम्ही म्हणाल, काकूंना चावेना म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणी खाल्लं असेल, त्यात काय एवढं? झुंबरनंही रात्री मनाची तशीच समजूत घातली. काकूंकडे त्यांचा भाचा गोरक्ष राहत होता. अंबडच्या कंपनीतून त्याला कमी केलं, तेव्हा फेब्रुवारीत तो "आत्याला सोबत" म्हणून आला. अन्न वाया जाऊ नये म्हणून त्यानं खाल्लं असेल.

बुधवारी डबा द्यायला गेली तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल डबा बदलला हो आमच्याकडून. काकू काय जेवल्या मग?"

गोरक्षनं दार उघडलं होतं ते एका माणसाच्या रुंदीएवढंच. त्याचं बोलणं फार मऊ. आवाज कधी चढायचा नाही.

"आत्याच जेवली की," तो हसून म्हणाला. "शेंगा तर इतक्या आवडल्या तिला. पुन्हा पाठवा म्हणाली."

झुंबर "बरं" म्हणाली आणि जिना उतरली. खाली स्कूटरपाशी येऊन तिनं वर काकूंच्या खिडकीकडे पाहिलं.

झुंबरचे बारा डबे होते. सगळे म्हातारे, सगळ्यांची पोरं लांब. कोणाची पुण्याला, कोणाची परदेशात. त्या पोरांचा रोजचा प्रश्न एकच, जेवले का? आणि म्हातारी माणसं चहात बिस्कीट बुडवून खाल्लं तरी "पोटभर जेवलो" म्हणतात. यावर झुंबरनं तोड काढली होती. डबा परत आला की उघडून त्याचा फोटो काढायचा आणि मुलांना पाठवायचा. डबा रिकामा म्हणजे पोट भरलं. पोरं खूश, आणि झुंबर तर स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश. नातेवाइकांत सांगायची, "आपलं काम एकदम चोख. फोटोच असतो पुरावा."

बायडाकाकू मात्र तिचा पुरावा बिघडवायच्या. जुनं माणूस, भांडं रिकामं परत देणं त्यांच्या जिवावर यायचं. डबा विसळून, पुसून त्यात त्या चिमूटभर साखर टाकायच्या. त्या साखरेला मुंग्या लागायच्या, फोटोत ती उष्ट्यासारखी दिसायची. जानेवारीत एकदा झुंबर वैतागून बोलली होती, "काकू, ते साखरेचं बंद करा आता. फोटो घाण येतो." काकू "बरं बाई" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर.

गोरक्ष आला आणि काही दिवसांत साखर थांबली. डबा दारातल्या दारात घ्यायचा, संध्याकाळी कडीला. "आत्या झोपलीय, आत्याला अंघोळ घालतोय, आत्याला उजेड सहन होत नाही." झुंबरनं तेव्हा काय म्हणावं? "चला, म्हातारीनं ऐकलं एकदाचं."

आता ते आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं चाललं होतं, आणि दळणारी आपणच.

घरी जाऊन तिनं सोमनाथला फोन लावला. शेंगांचं सांगितलं, साखरेचं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, पण त्याचा स्वर हळूहळू बदलला.

"ताई, तुम्ही रोज फोटो पाठवता. डबा रोज रिकामा असतो. मग आई जेवत नाही असं कसं म्हणता?"

"तुमचं काकूंशी बोलणं कधी झालं शेवटचं?"

"तिचं कानाचं मशीन बिघडलंय ना. गोरक्षदादा दाखवतो व्हिडिओवर. झोपलेली असते बहुतेक वेळा." जरा थांबून तो म्हणाला, "दादानं आमच्यासाठी इतकं केलंय. मीटिंग आहे माझी, रात्री बोलू."

रात्री त्याचा फोन आला नाही. झुंबरनं लावला तर उचलला नाही. आपणच काढलेले फोटो आपल्याच अंगावर आले होते.

गुरुवारी ती डबा घेऊन गेली, पण पिशवी हातातून सोडली नाही.

"आज मला काकूंना भेटायचंय," ती म्हणाली.

"आत्या झोपलीय."

"मग उठू द्या. मी बसते." आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली, डबा मांडीवर घेऊन.

गोरक्षनं दार लावलं. दहा मिनिटांनी उघडलं. "डबा देऊन जा ना ताई, उठली की भरवतो मी." झुंबर हलली नाही. पुन्हा दार लागलं, पुन्हा उघडलं. आता त्याची नजर तिच्याकडे नव्हती, डब्याकडे होती. त्याच्या रोजच्या जेवणाची वेळ झाली होती. झुंबरनं डबा पोटाशी धरला.

समोरच्या फ्लॅटमधली रोहिणी आवाज ऐकून बाहेर आली. झुंबरनं तिला विचारलं, "तुम्ही काकूंना शेवटचं कधी पाहिलं?"

रोहिणी आठवत राहिली. "शिवरात्रीला बहुतेक. पण मला वाटलं, तुम्ही रोज येता म्हणजे सगळं ठीक असेल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "परवा गोरक्ष सोसायटीच्या ऑफिसात विचारत होते, आत्याच्या मागे फ्लॅट नावावर करायला काय काय लागतं."

"मागे" हा शब्द झुंबरच्या छातीत रुतला. ती उठली.

"बाजूला व्हा," ती गोरक्षला म्हणाली.

"डबा रोज रिकामा गेलाय, ताई." तो अजूनही हसतच होता. "तुमच्याच फोटोत आहे. दाखवा कुणाला दाखवायचं ते."

"दाखवणार ना. मंगळवारचा दाखवते. त्यात शेंगा चावलेल्या हायेत. माझ्या काकूच्या तोंडात दात कुठला रे, मुडद्या?"

त्याचं हसू पहिल्यांदाच विझलं. झुंबरनं खांद्यानं दार ढकललं आणि आत शिरली.

मागच्या खोलीत पडदे ओढलेले होते. आधी तिला वाटलं, पलंगावर नुसती गोधडीच आहे. मग गोधडीत डोळे दिसले. उशाशी कपात गार चहा होता आणि त्यात बिस्किटाचा लगदा.

बायडाकाकूंनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती. गावातल्या पोरांना खिचडी शिजवून घातली, वजनं केली, दंडाला पट्टी लावून मापं घेतली. झुंबरला त्या सांगायच्या, "पोराच्या तोंडाकडे बघून कळत नाही गं. आई सांगते त्यावरही जाऊ नये. दंड बघायचा." झुंबरनं त्यांचा दंड हातात घेतला. तिचा अंगठा आणि बोट एकमेकांना सहज टेकले.

रोहिणी दारात उभी राहून ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होती. बाहेर गोरक्षच्या चपला वाजल्या आणि जिना उतरून गेल्या. झुंबरचं तिकडे लक्ष नव्हतं. काकूंचे ओठ हलत होते. तिनं कान जवळ नेला.

"झुंबर? डबा का गं बंद केलास?"

"बंद? मी कशाला बंद करीन, काकू?" झुंबर त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली.

"गोरख म्हणाला, तू रागावलीस. मी साखर टाकते म्हणून." काकूंना धाप लागली, पण त्यांना सांगायचंच होतं. "चुकलं माझं. आता नाही टाकणार. एवढ्या वेळेला माफ कर, बाई."

झुंबरला रडू फुटलं. पोरीसारखी हमसून रडली ती, काकूंचा तो वाळका हात कपाळाला लावून. जी बाई भुकेनं मरायला टेकली, ती तिची माफी मागत होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. शरीर फार सुकलंय, अन्नसुद्धा थेंबाथेंबानं द्यावं लागेल. या खेपेला सोमनाथनं फोन पहिल्या रिंगला उचलला. झुंबरनं फोटो पाठवला होता, डब्याचा नाही, दंडाचा. रात्रीच्या विमानानं निघतो एवढंच म्हणाला.

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. वेदिकानं बाकीचे डबे गोळा करून आणले होते आणि ओट्यावर ओळीनं उघडून ठेवले होते, सासूला फोटो काढायला सोपं जावं म्हणून. अकरा डबे. सगळे चाटूनपुसून रिकामे.

"भिकाअण्णांना पाहिलंस का आज? समोर?" झुंबरनं विचारलं.

"नाही. शेजारच्या पोरानं दिला डबा."

"आणि सातपूरच्या आजी?"

"पिशवी बाहेरच होती." वेदिका गोंधळली. "काय झालं, आई? फोटो काढायचे ना?"

झुंबरनं मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि स्कूटरची किल्ली घेतली. पहिलं घर जवळच होतं, दोन गल्ल्या सोडून. तिनं बेल वाजवली. आत टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता. तिनं पुन्हा वाजवली आणि वाट पाहत उभी राहिली. दार उघडायला वेळ लागत होता.