तीन नंबरवरची खोली

शंतनूने लोअर हटमध्ये घर घेतलं तेव्हा आधीच्या इंग्रज मालकाने त्यात रेडिएटर बसवून ठेवले होते. म्हणजे प्रत्येक खोलीत भिंतीला टेकवलेला एक पोकळ लोखंडी पत्रा, आणि त्यातून फिरणारं बॉयलरचं गरम पाणी. न्यूझीलंडात अशी घरं विरळाच. बाकीचे लोक बैठकीत एक हीटर लावतात आणि उरलेल्या घरात कुडकुडतात. शंतनूला वाटलं, आपण गड जिंकला. पण गड जिंकून गप्प बसेल तर तो शंतनू कसला. रेडिएटरवरच्या जुन्या साध्या तोट्या काढून त्याने सगळीकडे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवून घेतले. खोली हवी तेवढी गरम झाली की हे व्हॉल्व्ह आपणहून पाणी अडवतात, गार झाली की सोडतात. एकपासून पाचपर्यंत आकडे असतात.

दुकानात हाताने फिरवायचे साधे व्हॉल्व्ह मिळत होते. याने निवडले शाळा-दवाखान्यांत लावतात ते, कुलपाचे. आकडा एकदा किल्लीने बसवला की तो दुसऱ्या कुणाला हलवता येत नाही. किल्ली याच्या गाडीच्या जुडग्यात.

"घरात आहोत किती? तू, मी आणि ऋग्वेदा. फिरवणार कोण?" त्याच्या बायकोने, इरावतीने विचारलं होतं.

"तुम्ही दोघीच ना," तो म्हणाला होता.

तेव्हा ती हसली होती. आता ते हसणं आठवलं तरी तिला स्वतःचा राग यायचा. ती छातीच्या आजारांच्या वॉर्डात नर्स होती, शंतनू त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. वॉर्डात तो शिकवायचा आणि घरी येऊनही तेच करायचा. मराठी मंडळी जेवायला आली की आधी रेडिएटरदर्शन. सुरेश आणि नीलिमा बिचारे हातात सरबत घेऊन गुडघ्यावर बसायचे आणि हा सांगायचा, "पंख्याच्या रेग्युलेटरसारखं नाही हं हे. पाचवर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते." एवढं मात्र खरं होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचाही इतका वीट येऊ शकतो, हे इरावतीला लग्नानंतर कळलं.

ऑक्टोबरात थंडी सरली तसे त्याने घरभर फिरून सगळे व्हॉल्व्ह आवळून बंद केले. वापरात नाही ते घट्ट बंद, ही त्याच्या साताऱ्याच्या घरची शिस्त. गॅसचा सिलिंडर असो की मोरीतला नळ, शेवटचा पीळ दिल्याशिवाय त्याची आई, वसुंधराबाई, मुलांना झोपू देत नसत. उन्हाळ्यात मधूनच गारठा पडायचा तेव्हा इतर खोल्यांचे व्हॉल्व्ह उघडले गेले. पाहुण्यांची खोली तेवढी तशीच राहिली.

जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, खुद्द वसुंधराबाई आल्या. त्यांना तीच खोली मिळाली. शंतनूने किल्ली फिरवून आकडा तीनवर आणला आणि म्हणाला, "तीन म्हणजे वीस डिग्री. आई, साताऱ्यातली दिवाळी समज."

दिवाळी कुठली. त्या आठवड्यात दक्षिणेचा, ध्रुवाकडचा बोचरा वारा सुटला आणि खोली भुयारासारखी झाली. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके धरले. गादीला ओलसर, आंबूस वास यायला लागला. ऋग्वेदा दारातूनच म्हणायची, "आजी, युअर रूम स्टिंक्स," आणि पळायची. वसुंधराबाई दोन स्वेटरांवर शाल घेऊन बसायच्या आणि खोकायच्या. इरावतीने रेडिएटरला हात लावला. थंडगार लोखंड.

"आईंचा रेडिएटर चालत नाहीये," तिने त्या रात्री जेवताना सांगितलं.

"गार लागला ना? म्हणजे चालतोय," शंतनू वरणभात कालवत म्हणाला. "खोली वीस डिग्रीला पोचली की तो पाणी बंद करतो. रेडिएटर गार, याचा अर्थ खोली गरम."

"अरे, आई खोकतायत."

"तिला थंडी वाजते, ते वेगळं. या वयात थायरॉइड मंदावतं. रक्त तपासू."

इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सासूबाईंकडे पाहिलं. आता तरी बोलतील. वसुंधराबाई मुलाकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "त्याला कळतं गं. डॉक्टर आहे तो."

थायरॉइड ठीक निघालं. मग हिमोग्लोबिन. ते जरासं कमी होतं, तर काय आनंद त्याला! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. इरावतीने खोलीत तापमापक ठेवला, तो बारा दाखवत होता. शंतनू म्हणाला, खिडकीजवळ ठेवलायस. तिने आतल्या भिंतीला लावला, तो म्हणाला, स्वस्तातला आहे. तिने नीलिमाकडून विजेचा हीटर आणला. त्याने तो गॅरेजात नेऊन ठेवला, कारण दुसरी उष्णता आली की व्हॉल्व्हचा अंदाज चुकतो! व्हॉल्व्हचा अंदाज! आईचं काय व्हायचं ते होवो, व्हॉल्व्हचं मन दुखता कामा नये.

"आई, तुम्ही बैठकीत झोपा," इरावती म्हणाली.

"नको गं. त्याने हौसेने खोली सजवलीय, त्याला वाईट वाटेल."

तिला दोघांचीही शिसारी आली. एक आकड्यापलीकडे बघत नाही, आणि दुसरी त्याचा आकडा खरा ठरावा म्हणून गारठत बसते. असल्या खोल्यांतून न्यूमोनिया घेऊन आलेल्या म्हाताऱ्या ती रोज वॉर्डात बघत होती. त्यांतल्या सगळ्याच घरी परत जात नाहीत. आणि इथे तिच्या डोळ्यांदेखत तिच्याच घरात एक तयार होत होती.

शुक्रवारी सकाळी वसुंधराबाईंना ताप भरला. शंतनूने दारातून विचारलं, "किती आहे?" इरावतीने आकडा सांगितला. "संध्याकाळी एक्स-रेचं बघू," म्हणून तो गाडीत बसला. किल्ल्या अर्थात बरोबर.

इरावतीने रजा टाकली आणि व्हॉल्व्ह घेतले होते त्या दुकानात फोन लावला. पलीकडच्या बाईला ऐकून काही नवल वाटलं नाही. "उन्हाळाभर बंद होता का? मग पाणी अडवणारी आतली पिन चिकटली असणार. हीप्स ऑफ पीपल डू दॅट. उन्हाळ्यात तो पूर्ण उघडा ठेवायचा असतो." वरचं डोकं काढ, खाली बारीक पिन दिसेल, ती मोकळी कर, एवढंच तिने सांगितलं.

डोकं कुलपाचं. इरावतीने पकड आणली, ते पांढरं प्लॅस्टिक तिच्यात धरलं आणि जोर लावला. ते कडकन तुटलं. महिनाभरात तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. खाली पिन होती, आत रुतून बसलेली. तिने तेलाचा थेंब सोडला, पकडीच्या मुठीने बाजूने हलकेच ठोकलं, पिन दाबली, पुन्हा ठोकलं. पिन टुणकन वर आली. पाइपात गुळगुळ झाली आणि बघता बघता लोखंड तापलं. वसुंधराबाई अंथरुणातून टक लावून बघत होत्या. मग त्यांनी शाल बाजूला केली आणि दोन्ही तळवे रेडिएटरकडे धरले.

इरावतीने त्यांना आपल्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. छातीत कफ होता, औषधं मिळाली, न्यूमोनिया थोडक्यात हुकला होता. दुपारभर त्या उबदार खोलीत झोपल्या.

संध्याकाळी शंतनू आला. खोलीत पाऊल टाकताच त्याला ऊब जाणवली, आईच्या चेहऱ्यावर तजेला दिसला. त्याने खुर्ची ओढली.

"बघितलंस? लोह लागू पडलं. मी म्हणत नव्हतो?"

"हो रे," वसुंधराबाई पुटपुटल्या. "तुझ्याच गोळ्या."

इरावतीने व्हॉल्व्हचं तुटकं डोकं त्याच्यासमोर धरलं. "पिन चिकटली होती. तू उन्हाळाभर आवळून ठेवलास म्हणून. आई इथे आल्यापासून हा रेडिएटर एकदाही चालला नव्हता."

शंतनूने ते डोकं हातात घेऊन उलटसुलट केलं. आधी चीर पाहिली. "हे तोडलं कुणी? पूर्ण नवं होतं हे!"

"मी तोडलं. रेडिएटरला हात लावून बघ."

"हात लावून काय कळतं, इरावती? सगळे जण असंच हात लावून ठरवायला लागले तर..."

"लाव की रे," वसुंधराबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण कौतुक त्यात नव्हतं. "आल्यापासून दोनदा रक्त काढवलंस माझं. कपाळाला हात लावून नाही बघितलंस एकदाही."

शंतनूने हात पुढे केला. रेडिएटरकडे न्यावा की आईकडे, हे त्याला ठरवता येईना, आणि तो हात तसाच मधे राहिला. वसुंधराबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या कुशीवर वळल्या, त्याच्याकडे पाठ करून, रेडिएटरकडे तोंड करून.