टाकीतला वास

"काका, कणभरही पांढरं धरलेलं नाही हो!" टाकीच्या तळाशी उकिडवी बसलेली तृप्ती म्हणाली. भेगेवर नख फिरवून तिने बोट टॉर्चसमोर धरलं.

यादोराव शिडीशीच उभा होता. बपेऱ्याच्या वाटेवरच्या त्या गावाचा तो पाणीवाला. उभी हयात टाकी भरण्यात आणि ब्लिचिंग पावडर टाकण्यात गेलेली. तृप्ती साकोलीची, इंजिनिअरिंग शिकणारी. गळकी टाकी रिकामी करून तिने भेगांत जंतूंचं पाणी सोडलं होतं. हे जंतू चुना तयार करतात, भेग बुजते, म्हणाली होती. "रोज हे जंतूंचं खाद्य शिंपडा काका. दुसरं काही नको."

रोज शिंपडलंच की त्याने! पण एक दिवस टाकीतून आंबूस वास आला आणि त्याचं डोकंच फिरलं. फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात पावडर आली नव्हती, गावात हगवण पसरली, शेजारच्या रुखमाची नात गेली. तेव्हापासून जंतू म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येई. त्याने बादलीभर पावडर कालवली आणि अख्खी टाकी घासून काढली. मग गपगुमान पुन्हा खाद्य शिंपडत राहिला. मेलेल्यांना जेवण वाढावं तसं!

"माझंच मिश्रण चुकलं," तृप्ती बोट पुसत म्हणाली. "कॉलेजच्या सरांना सांगते, हा प्रयोग बंद करा म्हणून. सरपंच आता टाकी पाडतील. तुम्ही मात्र लेकरासारखं सांभाळलंत हो."

यादोरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालच बायकोने, निर्मलाबाईने, विचारलं होतं, "जेवत काहून नाही? कायले तोंड पाडून बसून राहिले?" तिलाही सांगायची हिंमत झाली नव्हती.

तृप्ती सामान आवरून शिडी चढू लागली.

"थांब पोरी. तुहं काही चुकलं नाही. म्याच मारलं त्याइले. पावडरनं धुतली टाकी."

"अहो काका! का पण?"

"वास आला. भेव वाटलं मले. जिंदगीभर जंतू मारतच आलो ना."

ती रागावलीच होती, आणि रागवायलाच हवं होतं. मग खाली उतरली. दोघांनी टाकी साध्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतली. पिशवीतली जंतूंच्या पाण्याची उरलेली बाटली काढून तिने त्याच्यापुढे धरली. "घ्या, ओता."

यादोरावाने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बोटं नाकाशी नेली.

"तूच ओत," तो म्हणाला. "माह्या हाताचा पावडरचा वास जाऊन नाही राहिला."