हुस्नबानोचा चोरखिसा

माझं दुकान जुन्या पनवेलमध्ये, जेमतेम दोन मशीन मावतील एवढं. ब्लाउज सगळेच शिवतात, माझ्याकडे लोक येतात ते चोरखिशासाठी. मस्कतला निघालेला पोरगा असो की चारधामला निघालेलं म्हातारं जोडपं, तिकीट हातात पडलं की कुणीतरी सांगतंच, "आधी त्या विचुंबे गावच्या सत्यवतीकडे जा." बनियनला आतून, परकराला नेफ्याखाली, पायजम्याला मांडीजवळ, सांगाल तिथं मी खिसा लपवते. खिसा घट्ट झाला अशी तक्रार करणाऱ्याशी मी भांडते. घट्टच पाहिजे. सैल खिसा म्हणजे चोराला आवतण.

दोन हजार नऊच्या जानेवारीत हुस्नबानोभाभी बुरखा घेऊन आल्या. त्यांचे मियाँ मुश्ताकभाई यांचं गल्लीच्या तोंडाशी कपबश्यांचं दुकान. ते दारातच उभे राहिले आणि भाभींनी तोंड उघडायच्या आत मला सूचना देऊ लागले.

"आम्ही मक्केला, उमऱ्याला चाललोय. हिच्या बुरख्याला आतून खिसा लाव. दोन पासपोर्ट बसले पाहिजेत. चेन पण लाव, बटण पण लाव."

"दोन? आनि तुमचा तुमच्याजवल का नाय?" मी विचारलं.

तेव्हा मला कळलं की एहराम म्हणजे काय. तिथं पुरुषांनी दोन पांढऱ्या चादरी गुंडाळायच्या, शिवलेलं काही अंगावर घालायचं नाही. बायकांना मात्र नेहमीचे शिवलेले कपडे चालतात. कमरेला बांधायचा खिशांचा पट्टा बाजारात मिळतो, मौलानांनी तो चालतो असंही सांगितलं होतं. पण मुश्ताकभाई पडले हट्टी. "चालतो म्हणाले. पण त्यालाही शिलाई असतेच ना? माझ्या मनाला पटत नाही," म्हणाले. म्हणजे जन्मभर ज्या माणसानं रेशनकार्डसुद्धा बायकोच्या हाती दिलं नव्हतं, त्याला आता सगळे कागद तिच्याच हवाली करणं भाग होतं.

दिलं का नव्हतं, ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अठ्ठ्याऐंशी साली मुश्ताकभाईंना कुवेतची नोकरी लागली होती. व्हिसाचा शिक्का मारलेला पासपोर्ट भाभींच्या पर्समध्ये होता आणि पनवेलच्या एसटी स्टँडवर ती पर्स गेली. दुसरा पासपोर्ट मिळेस्तोवर नोकरी दुसऱ्याला लागली. भाऊबंदांनी तिकडच्या पैशांवर दुमजली घरं बांधली, हे इथं कपबश्या विकत बसले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ते मला कळतं. पण मुश्ताकभाई एकवीस वर्षं फुंकत होते. भाभी बाजारातून आल्या की "पैसे आहेत ना?" लग्नाला निघाल्या की "गळ्यातलं आहे ना?" मला ऐकून ऐकून वीट आला होता, तर त्या बिचारीचं काय होत असेल?

बुरख्याचं माप घेताना भाभी हळूच म्हणाल्या, "सत्या, खिसा असा शीव की एकदा तरी हा माणूस मला न विचारता चालला पाहिजे. अल्लाच्या दारात तरी."

"भाभी, तुमी घाबरू नका. ह्यो खिसा शोधून पन सापडाचा नाय," मी म्हटलं. डाव्या अंगाला, कमरेच्या जरा वर, दुहेरी कापडाचा खिसा लावला. चेन लावली, वरून पट्टी घेतली, बटण टाकलं. मला स्वतःलाच हात फिरवून शोधावा लागला. गर्वच झाला मला, खोटं कशाला बोलू?

टूरवाला एजंट उरणचा. बुरखा तयार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघांचे पासपोर्ट आणि निकाहनामा त्याच्याकडे पोचवायचे होते, तिसऱ्या दिवशी सगळ्या गटाचे कागद व्हिसासाठी जाणार होते. निकाहनामा अस्सल, एकुलता एक. तो आणि पासपोर्ट गेले तर उमरा गेलाच, आणि पुढं जन्मभर घरात काय ऐकावं लागलं असतं ते भाभींना माहीत होतं. मला बहिणीकडे सुकी मासळी आणायला उरणला जायचंच होतं. भाभी म्हणाल्या, "सोबत चल. खिसा तुझा आहे, धीर येईल."

सकाळी दहाला आम्ही स्टँडवर. मुश्ताकभाईंच्या हातात पिशवी, पिशवीत तीन पुडांचा डबा. एजंटच्या अम्मीसाठी भाभींनी तांदळाच्या रव्याची गोड सांदणं केली होती. गाडी लागायची होती, रांग वाढत होती.

"हुस्ना, आहे ना?" मुश्ताकभाईंनी रांगेतूनच मोठ्यानं विचारलं.

"आहे."

दोन मिनिटं गेली नाहीत तोवर पुन्हा, "नीट बघ. पासपोर्ट आहेत ना?"

नुसतं विचारून थांबले नाहीत, बोट दाखवलं. नेमकं डाव्या कमरेकडे. मला असा राग आला की पिशवीतला डबा त्यांच्या डोक्यात घालावा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि हा माणूस भर स्टँडवर मूठ उघडून दाखवत होता. भाभींनी आजूबाजूला एक नजर टाकली, मग म्हणाल्या, "डबा गळतोय वाटतं. द्या इकडे, नीट लावून आणते." आणि डबा घेऊन बायकांच्या मुतारीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डबा मुश्ताकभाईंच्या पिशवीत ठेवला आणि माझ्या हातात रुमालात बांधलेली सहा सांदणं दिली.

"खा. डब्यात दाटी झाली होती."

मी खाल्ली. सांदणाला मी कधी कारण विचारत नाही.

गाडीत शिरताना रेटारेटी झाली. आम्हा दोघींना उभंच राहावं लागलं. मुश्ताकभाईंना मागं जागा मिळाली. त्यांनी पिशवी पायाशी टाकली आणि डोळे भाभींच्या कमरेवर लावले. गव्हाण फाट्याला हिरव्या साडीतली एक बाई चढली, हातावर घडी केलेली शाल. ती आमच्या मध्येच घुसली.

"बाय, अंगावर का परतंस?" मी तिला खडसावलं. ती गोड हसली, "गर्दी हाय ना ताई," म्हणाली. जासईला उतरूनही गेली.

उरणच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या मुश्ताकभाईंनी विचारलं, "आहे ना?"

भाभींनी डाव्या अंगाला हात लावला आणि त्यांची बोटं बुरख्यातून आरपार आत गेली. वीतभर चीर होती. ब्लेडनं कापड कापलं होतं, माझी दुहेरी शिवण कापली होती, आणि खिसा रिकामा होता. चेन आणि बटण दोन्ही जशीच्या तशी लावलेली होती, त्याची मला जास्त लाज वाटली.

मुश्ताकभाई तिथल्या बाकावर मट्कन बसले. ओरडले नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणाले. "पुन्हा तेच, हुस्ना."

भाभी शांत होत्या. त्यांनी हात पुढं केला. "पिशवी द्या."

त्यांनी डबा काढला, दोन पुडं बाजूला ठेवली. खालच्या पुडात सांदणं नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन पासपोर्ट आणि निकाहनामा होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि ती सहा सांदणं मला का मिळाली तेही तेव्हाच समजलं.

"मग चोरीला काय गेलं?" मी विचारलं.

"पर्समध्ये रविवारच्या एका लग्नाची पत्रिका होती. जाड होती, तीच खिशात भरली. जेवायला जाईल बिचारी."

मला हसू फुटलं. मुश्ताकभाई मात्र डब्याकडे बघतच राहिले. उरणपर्यंत कागद त्यांच्याच पायाशी होते आणि त्यांनी पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळा रस्ता डब्याकडे बघितलं असतं."

मग भाभी त्यांच्या शेजारी बसल्या. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द मला ऐकू आला. "तुमचं लक्ष जिथं, चोराचं लक्ष तिथं. स्टँडवर तुम्ही बोट दाखवलं तेव्हाच मी ठरवलं. आणि एक सांगते. तेव्हा चोरीला गेलेल्या त्या पर्सनं माझं जेवढं नेलं ना, त्यापेक्षा तुमच्या या विचारण्यानं जास्त नेलं."

समोरून दोन गाड्या सुटल्या. मग मुश्ताकभाई एकदम म्हणाले, "हुस्ना, त्या दिवशी पण मी विचारलं होतं. कुवेतच्या वेळी. तू बायकांच्या रांगेत होतीस, मी लांबून ओरडून विचारलं होतं. पासपोर्ट पर्समध्ये आहे ना म्हणून."

"दोनदा," भाभी म्हणाल्या.

"तुला आठवतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग एकवीस वर्षं बोलली का नाहीस? मी उठता बसता तुला बोलत होतो!"

भाभींनी डब्याची पुडं एकावर एक लावली, कडी घातली. "तुमची नोकरी गेली होती. रात्र रात्र झोपत नव्हता तुम्ही. चूक तुमची होती हे त्यात आणखी कसं सांगू? माझ्या अंगावर होती तेच बरं होतं."

मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. मुश्ताकभाईंनी तेवढंही केलं नाही. भर स्टँडवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत रडले, आणि भाभी त्यांचा हात धरून बसून राहिल्या.

एजंटचं ऑफिस जवळच होतं. भाभी एकट्याच कागद घेऊन आत गेल्या. मुश्ताकभाई माझ्याबरोबर बाहेर पायरीवर बसले. आतून एजंट काहीतरी विचारत होता, भाभी उत्तरं देत होत्या. मुश्ताकभाईंनी एकदाही आत वाकून पाहिलं नाही.