बोल नसलेल्या सुरांची पेटी

मी एक जुनी, सागवानी स्पीकरची पेटी आहे. मित्रांनो, ‘जुनी’ हा शब्द मी मान खाली घालून उच्चारत नाही. नागपूरचे चाळीस उन्हाळे सोसूनही माझ्या अंगाचा एक सांधा उकललेला नाही, हे आधी लक्षात घ्या आणि मग पुढचे ऐका.

गणपतराव नागपूरच्या बर्डी बाजारात रेडिओ दुरुस्त करीत. एका मोडलेल्या दिवाणाच्या फळ्यांतून त्यांनी मला घडवले. एकही खिळा ठोकला नाही. खाचेत खाच बसवून सरसाने जोडले. आत काळ्या कागदाचा पडदा, त्याच्या पाठीशी जडशीळ लोहचुंबक आणि तोंडावर जाळीदार कापड. पहिल्यांदा माझ्यातून सूर सोडला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला होता. पाणी हलले नाही, म्हणजे माझे अंग थरथरले नाही, तेव्हाच त्यांनी मला पसंत केले.

स्टेशनजवळच्या एका हॉटेलने मला विकत घेतले आणि पाहुण्यांच्या बैठकीच्या दालनात मानाने बसवले. अशा दालनाला लाउंज म्हणतात, म्हणून तिथे वाजणारे ते लाउंज म्युझिक. पियानो, सॅक्सोफोन आणि तारेच्या कुंचल्याने कुरवाळलेला ड्रम. त्यात बहुधा गायक नसतो आणि घाई तर मुळीच नसते. माणसे चहा पितात, सोयरिकी ठरवतात, आणि ते संगीत त्यांच्या पाठीमागे उभे राहते. पंगत जेवत असताना घरची कर्ती बाई दाराशी उभी राहते, तसे. तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण तिच्यावाचून पंगत नीट जेवत नाही. पंचवीस वर्षे मी हे काम केले. जाताना पाहुणे म्हणत, इथे बरे वाटते. का बरे वाटते, हे त्यांना ठाऊक नसे. मला होते.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांना भिंती हादरवणाऱ्या काळ्या पेट्या हव्या होत्या. गणपतरावांनी मला परत घरी नेले आणि मी तिथे माळ्यावर चढले. तेरा वर्षे माझ्यावर पापडाचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवल्या गेल्या. धूळ मी समजू शकते. पण बरणीचा तेलकट गोल डाग अजून माझ्या डोक्यावर आहे, आणि त्याबद्दल मी त्या घरात कोणालाही क्षमा केलेली नाही.

गणपतरावांची मुलगी कामिनी दातांची डॉक्टर झाली. मागच्या वर्षी तिने प्रताप नगरात स्वतःचा दवाखाना काढला. रुग्ण येत, पण आतल्या खोलीत दात कोरण्याचे यंत्र किंचाळू लागले की बाहेर बसलेल्यांपैकी दोघेतिघे हळूच चपला घालून निघून जात. तेव्हा कामिनीला आपल्या वडिलांची पेटी आठवली. तिने मला स्वतः पुसले, नवे कापड लावले आणि बाहेरच्या खोलीत उंच फळीवर बसवले. काउंटरवरची प्रीती रोज सकाळी माझ्यातून मंद सूर सोडू लागली.

इथे एक गंमत झाली. कामिनी महिन्यातून एकदा नागपूरजवळच्या कुहीला दात तपासण्याच्या शिबिरासाठी जाई, म्हणून तिकडच्या गावांतली पुष्कळ माणसे दवाखान्यात येत. कोणी गात-वाजवत असताना मधे बोलणे म्हणजे कलावंताचा अपमान, ही त्यांची रीत. मी वाजू लागले की सगळी खोली गप्प होई. हात जोडल्यासारखी माणसे माझ्याकडे पाहत बसत. एखादे लेकरू कुरकुरले, तर त्याची आई त्याला दटावी. मी सुखावले. आयुष्यात प्रथमच मला कोणी समोर बसून ऐकत होते! पण खोली गप्प झाली की दाराआडचे ते यंत्र अधिकच ऐकू येते, हे त्या मानपानाच्या भरात माझ्या लक्षातच आले नाही. माणसे पूर्वीसारखीच निघून जात होती. फरक इतकाच, की आता जाताना मला नमस्कार करून जात.

त्याच दिवसांत कुहीच्या पंचफुलाबाई आल्या. त्यांची मागची दाढ किडून गाल सुजला होता. दहा दिवसांवर नातीची, भूमिकाची, हळद होती. त्यांच्या घरी हळद जात्यावर दळतात, आणि दळताना घरातली वडील सवाष्ण गाणे सांगते. मागून इतर जणी म्हणतात. तो मान पंचफुलाबाईंचा होता, पण त्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते. कामिनीने सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि बजावले की गुरुवारी दाढ काढलीच पाहिजे. त्यानंतर जखम भरायला वेळ उरणार नाही. याआधी त्या दोनदा पळाल्या होत्या. एकदा तर चपला बदलून येते म्हणून गेल्या, त्या थेट एसटीत बसल्या.

गुरुवारी त्यांचे यजमान रूपरावजी त्यांच्या चपला पिशवीत घालून, ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. खोली नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहत होती. पंचफुलाबाईही बराच वेळ अदबीने ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी प्रीतीला विचारले, “म्हणणारी कधी येऊन राहिली वं?”

“आजी, यात म्हणणारं कोणी नसतं. नुसतंच वाजतं.”

“मंग लावलं काहून? नवरदेव नाही अन् वरात निघाली.”

कोणीतरी खुदकन हसले. तेवढ्यात एक धून संपली. दुसरी सुरू होण्याआधीच्या शांततेत आतून यंत्र किंचाळले. पंचफुलाबाई ताडकन उठल्या आणि अनवाणीच दाराकडे निघाल्या. रूपरावजींनी त्यांना धरले नाही. ते बसल्या जागेवरून हळू आवाजात म्हणाले, “भूमिकाच्या हळदीले जात्यावर कोण म्हणन वं? पोरगी तुहीच वाट पाहून राहिली.”

त्या दाराशी थांबल्या. “मले दाढेचं भेव नाही,” त्या म्हणाल्या, “तो आवाज आयकवत नाही.”

एवढ्यात माझी पुढची धून सुरू झाली. संथ, गोल फिरणारी. पंचफुलाबाई परत येऊन बसल्या. त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप फिरू लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. मित्रांनो, मी वाजवीत होते ते सूर कुठल्या दूर देशीचे; पण जात्याची फेरी आणि त्या सुरांची फेरी एकच निघाली. अर्धे तोंड मिटूनच त्यांनी गायला सुरुवात केली:

“डाक्तरीण बाईचं, घर गारगार बाई,
दात माहा म्हातारा, जागा सोडत नाही.”

खोलीत हशा पिकला. शेजारच्या दोन बायांनी ओळ उचलली. तिसरीने नवी जोडली. मग कोणाची हळद, कोणते गाव, वऱ्हाड किती, असे विचारता विचारता सगळी खोली बोलू लागली. आत यंत्र तसेच चालले होते. एकानेही मान वळवली नाही.

कामिनी दारात आली आणि म्हणाली, “पंचफुलाबाई, या.”

त्या उठल्या आणि मागे वळून बायांना म्हणाल्या, “म्हणत राहा. थांबल्या त मी निंघाली समजा.”

कामिनीने आतले दार किलकिले ठेवले. बाया थांबल्या नाहीत, आणि मीही नाही. अर्ध्या तासाने पंचफुलाबाई गालात कापसाचा बोळा धरून बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी होते, पण मान ताठ होती. रूपरावजींनी त्यांच्या पायांपुढे चपला ठेवल्या आणि कामिनीला विचारले, “बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चूप आहे. आणखी एखादी दाढ निघते का पहा ना.” बाईंना बोलता येत नव्हते. त्यांनी नवऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

कामिनी हळदीला जाऊन आली. पंचफुलाबाई दोन तास गायल्या आणि त्यांनी कोणालाही उठू दिले नाही, असे ती प्रीतीला सांगत होती. त्या दिवशी फळीवर बसल्या बसल्या मला माझी चूक उमगली. मानाच्या मोहापायी मी माझे काम विसरले होते. माणसांना एकमेकांकडे वळवणे, हे माझे काम. त्यांनी माझ्याकडे पाहत बसावे, असे ते कामच नव्हे.

आता तुम्हाला चार गोष्टी बजावते. माझ्यासारख्या पेटीला कोरड्या, मऊ कापडाने पुसा. तिच्या पडद्यात बोट खुपसू नका. तिच्यावर लोणच्याची बरणी तर मुळीच ठेवू नका. आणि दवाखान्यात तुमच्या शेजारी कोणी घाबरलेले बसले असेल, तर मी वाजते आहे म्हणून अदबीने गप्प राहू नका. त्याच्याकडे वळा, कुठून आलात म्हणून विचारा. मी मागे उभी आहे.