पुन्हा एकदा हस, भुंग्या

मी एक जुना स्टँड आहे, मित्रांनो. मोबाइल डोक्यावर धरून उभा राहणारा, तीन पायांचा. त्यातला एक पाय आता चिकटपट्टीच्या भरवशावर आहे. तरी उभाच असतो, कारण बसायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नाही.

कारखान्यात माझ्या नळ्या कापल्या, स्क्रू पिळले आणि खोक्यात कोंबून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी धाडलं. त्या लहान मुलींचे फ्रॉक शिवायच्या. फ्रॉकचे व्हिडिओ ऑनलाइन टाकले की गिऱ्हाईक येईल, एवढाच त्यांचा साधा विचार. फ्रॉक घालून दाखवायला घरचीच लेक होती. रांगताना सारखी गुणगुणायची म्हणून बाबांनी तिला नाव ठेवलं होतं भुंगा.

लोकांनी फ्रॉक पाहिला, पण त्यांचा जीव जडला भुंग्यावर. मग फ्रॉक राहिला बाजूला. भुंग्याचा पडलेला दात, भुंग्याचा ताप, शाळेचा पहिला दिवस, सगळं माझ्यासमोर होऊ लागलं. आणि एकदा होऊन भागत नसे. "पुन्हा एकदा हस, भुंग्या. मघाशी डोळे मिटले होतेस," आई म्हणायची. वाढदिवसाची भेट उघडून झाली की आई ती परत कागदात गुंडाळायची आणि भुंगा नव्याने चकित व्हायची. पोर गुणी होती. पण चकित होऊन होऊन ती दमायची, आणि तिच्याकडे बघून बघून मी. पाहुणे म्हणायचे, "स्टँड भारी आहे हं." मला त्या कौतुकाचा कंटाळा आला होता.

एका संध्याकाळी मायलेकी दुकानातून परतल्या त्या रिकाम्या हातांनीच. दुकानात एका अनोळखी माणसाने भुंग्याला हाक मारली होती, "काय भुंग्या, आज पोहायच्या क्लासला दांडी?" माणूस हसतमुख होता, वाईट नसेलही. पण तिचं घरातलं नाव आणि क्लासची वेळ त्याला आम्हीच सांगितली होती. सांगताना मोबाइल मी धरला होता.

जेवताना भुंगा म्हणाली, "आई, मी त्याला ओळखत नाही. मग तो मला कसा ओळखतो?"

"आपले व्हिडिओ बघत असेल," आई म्हणाली.

"मला कधी कुणी विचारलं होतं का?" भुंगा पुन्हा म्हणाली आणि ताटात बघत बसली.

दुसऱ्या दिवशी आईने खातं बंद करायला घेतलं. आत शिरताना दार सताड उघडं होतं, बाहेर पडायचं मात्र सापडता सापडेना. सापडलं तेव्हा पडद्यावर भुंग्याचा पाळण्यातला फोटो आला आणि खाली प्रश्न, खरंच जायचं? आईचं बोट अडखळलं. तिची सगळी गिऱ्हाइकं तिथेच होती.

"गिऱ्हाइकांचं काय करू हो?"

"फ्रॉक चांगले शिवतेस. शेजारणींची तोंडं कशासाठी आहेत?" बाबा म्हणाले.

आईने बटण दाबलं. "सुटलो एकदाचे."

"आपण सुटलो, सामान तिथेच राहिलं," बाबा म्हणाले. कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये भुंग्याचे व्हिडिओ होते, कोण जाणे. ते परत मागायचे तरी कुणाकडे?

गिऱ्हाईक खरंच रोडावलं. मला कोपरा मिळाला. डोक्यावर मोबाइलऐवजी मोजपट्टी लटकू लागली, पायांवर धूळ बसली.

परवा भुंगा शाळेतून हसतच आली आणि तिने कुणाची तरी नक्कल करून दाखवली. आईला हसू आवरेना. हसता हसता तिचा हात सवयीने माझ्याकडे आला. भुंग्याचा चेहरा उतरला, नक्कल तिथेच थांबली. आईच्या ते लक्षात आलं. तिने माझ्यावरची मोजपट्टी तेवढी काढली, गळ्यात अडकवली आणि जमिनीवर मांडी घालून बसली.

"पुन्हा एकदा कर ना," ती म्हणाली. "मला बघायचंय."

भुंग्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं. मग तिने केली.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणालाही माझ्यासमोर उभं करण्याआधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर मला कोपऱ्यातच राहू द्या. ती नक्कल कुणाची होती आणि कशी होती, ते मात्र विचारू नका. मी सांगणार नाही. ती त्या दोघींची आहे.