उज्वलाच्या सीडीतली थांबायची जागा

माझ्या बायकोला, उज्वलाला, विद्यापीठाचं छोटं अनुदान मिळालं ते २००३ साली. शिकवण्याची नवी साधनं वापरून पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठी ते होतं. त्यातून तिच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टीव्ही आणि सीडी प्लेअर आला. तिच्या प्रयोगांच्या सीडी करायला कॅमेरा भाड्याने आणला. तो मी धरायचो. मी एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला. सुट्टी असली की ती मला प्रयोगशाळेत घेऊन जायची.

तिची एक पद्धत होती. प्रयोग शिकवताना ती आधी मुद्दाम चूक करायला निघायची, हात मध्येच थांबवायची आणि विचारायची, "करू का असं?" मुलांनी तिला अडवायचं. सीडीतही तिने तेच ठेवलं. समोर ॲसिडचं भांडं, हातात पाण्याचा पेला. विचारून ती पेला तसाच धरून थोडा वेळ थांबते. तिथे वर्गातल्या शिक्षकाने सीडी थांबवून मुलांना बोलतं करायचं. मग ती पेला खाली ठेवून सांगते, ॲसिडमध्ये पाणी कधी ओतू नका, उसळून अंगावर येतं, डोळे जातात.

पुढच्या जानेवारीत ती काविळीने गेली.

जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावलं. "सावळीरामराव, मॅडमची जागा भरणार नाही. सीडी आहेत ना. मॅडमच शिकवतील."

मला बरं वाटलं. घरात तिचा आवाज नव्हता. तिथे तरी असेल.

स्नेहल घरी आली. उज्वलाची विद्यार्थिनी, आता तिचेच तास घेत होती.

"काका, त्या सीडीजवळ कुणीतरी उभं पाहिजे."

"तुझे तास जाणार म्हणून म्हणतेस?"

"ते तर गेलेच. पण पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरची नवी पोरं आहेत. मॅडमना त्यांनी कधी बघितलं नाही. बाईंनी काहीही विचारलं तरी ही पोरं एकच उत्तर देतात, काका."

मी मनावर घेतलं नाही. मला उज्वलाला बघायचं होतं.

पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो. प्रयोगशाळेचा शिपाई निवृत्ती सीडी लावत म्हणाला, "भाऊ, आता मॅडम रजा पण मागायच्या नाहीत." आणि चहाला निघून गेला.

उज्वला आली. हिरवी साडी, चष्मा जरा नाकावर घसरलेला. "मी करते तसं करत चला," ती म्हणाली. मुलं करत गेली. मग तिने पेला उचलला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. कॅमेरा माझ्याच हातात होता तेव्हा.

"करू का असं?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "हो मॅडम."

मी तिच्याकडेच बघत राहिलो. मग टेबलांवरून उचललेले पेले दिसले. थांबा, म्हणालो. कुणी वळूनही पाहिलं नाही. बाई पडद्यावर होती, मी कोण? मी जाऊन वायर उपटली. उज्वला गेली, तेव्हा कुठे हात थांबले. एका मुलाने ओतलं होतं. त्याच्या बाहीला भोकं पडली. आत कातडीवर लाल ठिपके उठले. हात नळाखाली धरून तो मला म्हणाला, "मॅडमनीच सांगितलं ना?"

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "बाहीवर निभावलं. पुढच्या वेळी माणूस उभा करू." मग चष्मा पुसत राहिले. "सीडीच्या प्रती मात्र दुसऱ्या कॉलेजांना गेल्यात. मॅडमचं नाव व्हावं म्हणून मीच पाठवल्या. सटाण्याला आजच लावणार होते."

मी त्यांच्या टेबलावरचा फोन ओढला. ते नंबर सांगत गेले, मी फिरवला. बराच वेळ घंटी वाजली. मग कुणीतरी उचलला.

"रसायनशास्त्राचे सर कुठेत? टीव्ही बंद करा आधी."

"सर चहाला गेलेत. धरा जरा, बघून येतो."

"सर राहू द्या, तुम्ही जाऊन बंद करा."

पण त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला होता. चपलांचा आवाज लांब गेला. प्रयोगशाळा शेजारीच असावी, कारण भिंतीपलीकडून बोलणं येत होतं. आवाज उज्वलाचा होता. पुढचा प्रत्येक शब्द मला पाठ होता. मी फोनमध्ये ओरडत राहिलो.

तिने विचारलं. मग ती थांबली.

आणि पोरांनी उत्तर दिलं.