एकवीस मोडलेली धनुष्यं

फाल्गुनाची दुपार. सातपुड्याच्या कड्याकड्यांवर पळस पेटलेला, धुरावाचून पेटलेला. आणि त्याखाली उतारावर फुलून मेलेलं बांबूचं बन, पीतशुष्क, पोकळ, वाऱ्यात खुळखुळणारं. बांबू फुलला की बन मरतं. नवं बेट धनुष्याजोगं व्हायला आता वर्षांमागून वर्षं.

धनुष्यं घडवणाऱ्या रुमाल्या पावऱ्याच्या घरात बांबूची एकच काठी उरली होती. बन फुलायच्या आधी तोडलेली, तीन पावसाळे चुलीच्या धुरानं पोसलेली, मधुवर्णी. उजवा हात लुळा पडला तेव्हा म्हाताऱ्यानं ती आढ्यावरून उतरवून लेकीच्या, ठुमलीच्या मांडीवर ठेवली. "मोडलीस तर हत्यारं पुरून टाकीन," एवढंच बोलला.

ठुमलीला दुसराही एक गुरू होता. आश्रमशाळेच्या कपाटातून आणलेला, पाठ उसवलेला, धनुष्य घडवण्यावरचा जुना ग्रंथ. पानं कसरीनं जाळीदार केलेली, चित्रं चंद्रकोरीसारखी रेखीव. ती वाचायची आणि बोटांत झिणझिण्या उठायच्या. 'धनुष्याला आधी वाकायला शिकवा, मग बळ मागा.' असं कोण लिहितं? ज्यानं धनुष्याला जीव लावला तोच.

त्याच ग्रंथात होतं, धनुष्याच्या पाठीवरची, बाहेरच्या अंगाची साल उतरवावी. तिनं सुरी फिरवली. वीतभर फिरवली. आणि सुरीखालून धागे उठले तेव्हा उमगलं : ग्रंथ लाकडाविषयी बोलत होता. बांबूचं तर सारं बळ सालीतच.

म्हाताऱ्याची सावली त्या जखमेवर पडली.

"काय केलंस गं हे?"

"पुस्तकात होतं, बा."

"पुस्तकानं कधी ससा तरी पाडलाय का?"

ठुमली पानं उलटत राहिली. शेवटाकडे एक पान सापडलं. तिनं मोठ्यानं वाचलं : 'माझ्या हातून एकवीस धनुष्यं मोडली. उतावीळ मीच होतो. पाठ दुखावली तर सरसात भिजवलेला दोरा घट्ट गुंडाळावा, वाळू द्यावा, आणि दोरी वीतवीत ओढून पाहावी.'

म्हातारा थबकला.

"एकवीस?"

"एकवीस."

"आणि लिहूनबी ठेवलं!" त्याच्या मिशीत हसू हललं. "माझी तर तीस झाली असतील. बायकोलाबी कळू दिली नाहीत. खरा कारागीर दिसतो गं हा. वाच, पुढं वाच."

दोरा भिजला, दोरा गुंडाळला. चार दिवस सरस वाळला, चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

पाचव्या सकाळी ठुमलीनं दोरी चढवली. म्हातारा बाजूला येऊन उभा राहिला आणि त्यानं आपला डावा तळवा त्या जखमेवर ठेवला.

"बा, काढ हात. तेवढा एकच धड उरलाय."

"मोडलं तर आधी मला कळू दे. ओढ."

एक वीत. बांबू कण्हला. ती थांबली, श्वास थांबला, अंगणातली कोंबडीसुद्धा थांबली. दुसरी वीत. दोऱ्याखाली काहीतरी करकरलं, बारीक, खोल. बापानं डोळे मिटले. हात काढला नाही. तिसरी वीत, दोरी गालाशी, कानाशी; खांदे थरथरले, दोरी थरथरली, मधुवर्णी कमान वाकली, वाकत गेली, गोल होत गेली;

आणि त्या भरल्या कमानीवर, शिरांनी विणलेला, सुरकुतलेला, बापाचा तळवा तसाच, निश्चल, ऊबदार.